सहा अंश उतारावरची भाऊबीज

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वीस वर्षं झाली. पुण्यात जितक्या सोसायट्या तितक्या लिफ्ट, आणि जितक्या लिफ्ट तितके त्यात अडकणारे लोक. त्यामुळे माझं बूड एका जागी टेकलेलं फारसं कोणी पाहिलेलं नाही. जेवताना फोन, आंघोळीत फोन, भाच्याच्या मुंजीत फोन. फोन वाजला की मी उठलोच. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो. आपण उठलो नाही तर अर्धं शहर दोन मजल्यांच्या मधोमध लटकत राहील, असं मला मनापासून वाटायचं.

अशा माणसाने एकवीस दिवस आडवं पडून राहायचं ठरवलं, तेही डोकं खाली आणि पाय वर करून. शहराच्या कडेला एक संशोधन संस्था आहे, तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. दाराच्या खाचा साफ करत होतो, तर आत एक कागद चिकटवलेला दिसला. निरोगी स्वयंसेवक हवेत, वय तीस ते पंचेचाळीस, एकवीस दिवस संपूर्ण अंथरुणात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या शरीराचं काय होतं याचा हा जमिनीवरचा अभ्यास आहे. मी तो तीनदा वाचला आणि रात्री जेवताना बायकोला गंमत म्हणून सांगितला.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही एकवीस मिनिटं पडून दाखवा, फॉर्म मी भरते."

मी पंचवीस मिनिटं पडलो. तिने दुसऱ्या दिवशी खरोखरच फॉर्म भरला. माझं कुठलंच काम तिने इतक्या झपाट्याने केलेलं मला आठवत नाही. धंद्यातल्या भागीदाराने दिवाळीचं नाव काढून थोडी कुरकुर केली, पण मागच्या दोन दिवाळ्यांत तोच सुट्टीवर होता, त्यामुळे फार बोलला नाही.

प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच, आणि बोलणं कात्रीने कापल्यासारखं. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही, पण शरीराला फसवता येतं. खाट डोक्याकडे सहा अंश खाली केली की अंगातलं पाणी आणि रक्त चेहऱ्याकडे सरकतं, अगदी अंतराळात सरकतं तसं. पायांना काम उरत नाही, ते बारीक होतात. हाडं सैलावतात. हृदयसुद्धा आळशी होतं, कारण त्याला रक्त वर चढवावं लागत नाही. यातून जे कळेल ते अंतराळवीरांच्या कामाचं, आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या साध्या माणसांच्याही कामाचं.

"म्हणजे मी आजारी नसताना आजारी पडायचं," मी म्हटलं.

"नाही. तुम्ही अंतराळात जायचं. फक्त छताकडे बघत जायचं," त्या म्हणाल्या.

नियम सोपा होता आणि भयंकर होता. एक खांदा कायम गादीला टेकलेला पाहिजे. जेवण, वाचन, दात घासणं, सगळं त्या एका खांद्यावर. आंघोळीला भोकं पाडलेली उतरती गाडी होती, तिच्यावर आम्हाला आडवं ठेवून भाजी धुवावी तसं धुवायचे. बाकीचे विधीही आडवेच होते, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. जेवण वजन करून यायचं आणि ताट चाटून पुसून संपवावं लागायचं. दुधी भोपळ्याशी माझं जन्माचं वैर, पण तिथे तो मी मुकाट्याने गिळला. पायथ्याशी एक सिस्टर रजिस्टर घेऊन बसलेल्या. अकरा वाजून दहा मिनिटं, डावी कूस. अकरा वाजून चाळीस, उजवी. माझ्या आयुष्याची इतकी दखल आजवर कोणी घेतली नव्हती.

शेजारच्या खाटेवर मंडईजवळचा एक बुकबाइंडर होता. वडिलांचं, त्याआधी आजोबांचं, असं तीन पिढ्यांचं दुकान. तो माझ्या एक दिवस आधी आडवा झाला होता आणि त्या एका दिवसाच्या जोरावर माझ्याशी ज्येष्ठ नागरिकासारखा वागायचा. येण्याआधी त्याने मशिदीत विचारून घेतलं होतं. उठता येत नसेल त्याने पडल्यापडल्या मान आणि डोळ्यांच्या खुणेने नमाज पढली तरी चालते, असं त्याला सांगितलं होतं. त्यामुळे दिवसातून पाच वेळा तो गप्प व्हायचा. एरवी पुस्तकाची शिलाई, डिंक, कापड, कॉलेजातली पोरं आयत्या वेळी प्रबंध बांधायला कशी धावत येतात, यावर अखंड बोलत असायचा. मला "लिफ्टवाले" म्हणायचा.

"लिफ्टवाले, तुमचं तोंड सुजलंय."

"तुमचंही."

"माझं मुळातच असं आहे."

पहिले तीन दिवस वाईट गेले. कंबर ठणकत होती, नाक चोंदलेलं, आणि अधूनमधून खिशात नसलेला फोन वाजल्याचा भास व्हायचा. फोन फक्त संध्याकाळी अर्धा तास मिळायचा. मी भागीदाराला विचारायचो, काही अडलंय का? तो म्हणायचा, काही नाही. मला ते उत्तर अजिबात आवडायचं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ताई आली.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कर्वेनगरला राहते, शाळेत भूगोल शिकवते आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. ही दोन बोटं मला लहानपणापासून डाचतात. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण एक पाट.

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. दरवर्षीप्रमाणे ती सकाळपासून पाट मांडून, भोवती रांगोळी काढून बसलेली. दरवर्षीप्रमाणे मी संध्याकाळी सातला हेल्मेट काखेत धरूनच आत शिरलो. पाटावर बसलो, तिने कुंकू लावलं, अक्षता घ्यायला हात ताम्हनात घातला आणि माझा फोन वाजला. एका सोसायटीत लिफ्ट अडकली होती. मी उठलो. कपाळावर कुंकू, पण अक्षता नाहीत, निरांजन ताम्हनात तसंच.

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी यायची तसदी घेऊ नकोस. मीच ताम्हन घेऊन एखाद्या लिफ्टमध्ये अडकून बसते, म्हणजे तू नक्की येशील."

हे वाक्य आमच्या घरात कोणीही हसून सोडून दिलं असतं. मी ते सोडलं नाही. येऊ नकोस म्हणाली ना, नाही जात. पुढच्या वर्षी गेलो नाही. तिनेही फोन केला नाही, कारण ती माझीच बहीण. त्याच्या पुढच्या वर्षी आता जायचं कसं, म्हणून गेलो नाही. इकडे माझी बायको आणि ती दर आठवड्याला तासभर फोनवर बोलत होत्या, हे मला माहीत होतं आणि मला माहीत नाही असं आम्ही तिघांनीही ठरवलेलं होतं.

तर ताई दारात उभी राहिली. पांढरी साडी, खांद्याला शाळेची जाड पिशवी. आणि मी उठलो. विचार केला नाही, काही नाही. मोठी बहीण दारात आली की माणूस उठतोच, अंगवळणीच पडलेलं असतं. दोन्ही खांदे गादीवरून सुटले, डोकं वर आलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"खांदा!" सिस्टर ओरडल्या. मी धाडकन परत आडवा झालो. त्यांनी घड्याळ पाहून रजिस्टरात नोंद केली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की दोन सेकंदांचं होतं म्हणून माफ, पुन्हा झालं तर एकवीस दिवस वाया, तुमचेही आणि आमचेही.

ताईने खुर्ची ओढली. "जन्मात पहिल्यांदा मला बघून उठलास," ती म्हणाली, "तोही गुन्हा ठरला."

एवढंच. तीन वर्षांबद्दल चकार शब्द नाही. पिशवीतून पहिल्या सत्राच्या पेपरांचा गठ्ठा काढला, लाल पेन काढलं आणि तपासायला बसली. मला बघायला आलेली नाही, घरी वरच्या मजल्यावर ठोकाठोकी चालू आहे म्हणून पेपर घेऊन इथे आले आहे, असं तिने बुकबाइंडरला सांगितलं. मधेच फोनवरचं होकायंत्र उघडून माझं डोकं उत्तरेकडे तर नाही ना, ते पाहिलं. खाट पूर्व-पश्चिम निघाली. तासाभराने ती गेली. तो तास मी छताकडे बघत होतो आणि मला फार आनंद झाला होता. हे तेव्हा तिला सांगितलं नाही, आता इथे लिहितो.

मग ती एक दिवसाआड यायला लागली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यावर रोजच. बाहेरचं खाणं आम्हाला बंद होतं, त्यामुळे फराळाचा डबा आणून ती माझ्यासमोर चकली खायची, आवाज करून. बुकबाइंडर म्हणायचा, "ताई, जरा हळू. आम्ही अंतराळात आहोत, पण कान इथेच आहेत."

आडवं पडून बोलण्यात एक सोय असते. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दहाव्या-अकराव्या दिवशी मी छताला उद्देशून एक गोष्ट सांगून टाकली. त्या भाऊबीजेला मी त्या सोसायटीत पोचलो तेव्हा वॉचमनने चावीने दार उघडून माणसाला कधीच बाहेर काढलं होतं. काम काहीच उरलं नव्हतं. मी खालच्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. तुझ्याकडे परत यायला दहा मिनिटं लागली असती. पण परत येऊन काय सांगायचं, की माझ्यावाचून काही अडलं नव्हतं? म्हणून आलो नाही.

लाल पेन थांबलं नाही. "माहीत आहे," ताई म्हणाली. "त्या सोसायटीत माझी मैत्रीण राहते. तिने खिडकीतून पाहिलं आणि मला फोन केला, तुझा भाऊ कपाळाला कुंकू लावून बाकावर एकटाच का बसलाय म्हणून."

तीन वर्षं तिला माहीत होतं. तिचा राग मी उठून गेलो याचा नव्हताच, बाकावर बसून राहिलो याचा होता. मला रडू आलं. डोकं खाली असलं की अश्रू गालांवरून ओघळत नाहीत, सरळ केसांत जातात. सिस्टरनी विचारलं, काही त्रास होतोय का, लिहून घ्यायचंय. बुकबाइंडरने परस्पर उत्तर दिलं, "लिहा, नाक चोंदलंय."

यानंतर आम्ही खऱ्या विषयावर आलो. माझा एकविसावा दिवस नेमका भाऊबीजेचा होता. मला सुचलेला उपाय मी लगेच बोलून दाखवला. तू इथे ये, ताम्हन आण, मी असा पडलेला आहेच, ओवाळून टाक.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नापास झालेला सातवीतला मुलगा आहे. "आडव्या माणसाला ओवाळत नाहीत. आडव्या माणसाच्या पायाही पडत नाहीत. ते कधी करतात ते तुला माहीत आहे."

"मग नंतर करू. तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं म्हणतात."

"चालतं. तुझं सगळंच नंतर चालतं."

मग मात्र मी हट्टाला पेटलो. भाऊबीजेच्या दिवशी, पाटावर, सरळ बसून, निरांजन पूर्ण फिरेपर्यंत. त्या उरलेल्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळी दहाला उभं राहण्याची चाचणी. ती नीट पार पडली तर दुपारी जेवणाच्या खोलीत पाट मांडा, माझी हरकत नाही. घरी मात्र आणखी पाच दिवस सोडणार नाही. आणि चाचणीत चक्कर आली, तर पुन्हा आडवं, मी सांगेन तोपर्यंत.

"येते का चक्कर?"

"बऱ्याच जणांना येते. हृदय विसरलेलं असतं."

त्या आठवड्यात दिवाळी आली. इतकी मजेशीर दिवाळी मी केलेली नाही. आकाशकंदील त्यांनी आमच्या सोयीसाठी छताच्या मधोमध टांगला होता. आयुष्यभर मी आकाशकंदील बाजूने बघितलेला, तो बरोबर खालून कसा दिसतो ते तेव्हा कळलं. आतला दिवा, कागदाच्या जोडांवरची खळ, शेपट्या थेट आपल्या नाकाकडे येणाऱ्या. बुकबाइंडरने चिकटवणाऱ्याच्या कामात दोन चुका काढल्या. नरकचतुर्दशीला त्या उतरत्या गाडीवर उटणं लावून अभ्यंगस्नान झालं, आणि कारीट फोडायची वेळ आली. कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं असतं, पण आमचे पाय हवेत. शेवटी सिस्टरनी ते खाटेच्या पायथ्याच्या फळीवर धरलं आणि मी वर केलेल्या पायाने दाबलं. फुटेना. एकवीस दिवस पूर्ण व्हायच्या आतच माझ्या पायातला जोर गेला होता. बुकबाइंडर म्हणाला, बघू, मी प्रयत्न करतो. त्याच्याच्यानेही फुटेना. नरकासुर त्या वर्षी आमच्या वॉर्डात तरी वाचला.

भाऊबीजेच्या सकाळी ताई नऊलाच हजर. एका हातात पिशवीत गुंडाळलेला पाट, दुसऱ्या हातात ताम्हनाचा डबा. पाट घेऊन ती कर्वेनगरहून बसने आली होती. कंडक्टरने पाटाचं तिकीट मागितलं नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं, कारण उत्तर तयार ठेवलं होतं. बायकोही आली होती. बुकबाइंडर आदल्या दिवशी उभा राहून पास झाला होता आणि बदकासारखा झुलत वॉर्डभर हिंडत होता. मला चाचणीला नेत असताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाय हलवू नका, दात घट्ट धरा, मनात काहीतरी मोजा."

एका फळीला मला पट्ट्यांनी बांधलं. ट्रकमध्ये कपाट बांधतात तसं. छातीला वायरी, बोटाला चिमटा. मग ती फळी हळूहळू उभी झाली आणि एकवीस दिवसांनी माझे तळवे जमिनीला टेकले. मला वाटलं होतं आनंद होईल. तळव्यांत टाचण्या टोचत होत्या. डोकं शिशाचं झालं होतं. अंगातलं सगळं रक्त एखाद्या तुटलेल्या दोराच्या लिफ्टसारखं तळमजल्याकडे निघालं होतं आणि हृदय वरच्या मजल्यावरून बटणं दाबत होतं.

"कसं वाटतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मस्त," मी खोटं बोललो. दाराच्या काचेतून मला ताईच्या साडीचा काठ दिसत होता.

पंधरा मिनिटं काढायची होती. मी सोसायट्या मोजायला लागलो, कोथरूडपासून. डेक्कनपर्यंत पोचलो आणि खोलीच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. मी काही बोललो नाही. मशीन बोललं. फळी झपकन आडवी झाली. बारा मिनिटं भरली होती.

"चारपर्यंत पडून राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग पुन्हा हळूच बसवून बघू. नाही जमलं तर आज नाही."

मी त्यांच्याशी हुज्जत घातली. मला उठू द्या, दहा मिनिटांचं काम आहे, माझी बहीण सकाळपासून थांबली आहे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "थांबलेल्या बहिणीची सवय तुम्हाला नवी नसावी. त्यांनी मला सगळं सांगितलंय."

चार वाजेपर्यंतचे ते जवळजवळ सहा तास मी कधी विसरणार नाही. आजवर दर वर्षी तिला ताटकळत ठेवलं, पण आपण तिकडे पोचू शकत नाही हे कसं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडे जेवणाच्या खोलीत ती बसली होती. बायकोने सांगितलं, जेवलेली नाही, ओवाळल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. बुकबाइंडरला मात्र तिने दोन लाडू आणि सगळी चकली खायला लावली होती, आणि तो तिला फाटलेला अॅटलास कसा शिवायचा ते शिकवत होता.

चार वाजता मला बसवलं. पाय खाली सोडून दहा मिनिटं. काळं काही दिसलं नाही. मग उभं केलं. हृदयाला आठवलं असावं. एका बाजूला सिस्टर, एका बाजूला बायको, असा मी निघालो. बारा पावलांचं अंतर मी तान्ह्या मुलासारखं, पाय फाकवून, प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवत पार केलं. ताई उठून उभी राहिली.

मी म्हटलं, "आधी पाठीला पाठ लाव."

"काय?"

"लाव म्हणतो ना."

आडवं राहिलं की पाठीचे मणके सैल होतात आणि माणूस वाढतो. अंतराळवीरही वाढतात. पडल्यापडल्या माझी उंची मोजली होती, मला सगळं माहीत होतं. ताईने नाइलाजाने पाठीला पाठ लावली. डॉक्टरीणबाईंनी आमच्या डोक्यांवर रजिस्टर आडवं ठेवलं, वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "सारखे."

एका दिवसात हे सगळं परत जाणार होतं, हेही मला माहीत होतं. ताईने वळून माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं, प्रथमच समोरासमोर. "एवढ्यासाठी अंतराळात गेला होतास," ती म्हणाली.

मला पाटावर बसवायची मोहीम झाली. एकाने काखेत धरलं, एकाने गुडघे दुमडले, पाट मागे सरकू नये म्हणून बुकबाइंडरने पायाने अडवला. बसलो. डोक्यावर बायकोचा रुमाल. ताईने कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी आणि अंगठी ओवाळली. निरांजन लावलं आणि ताम्हन उचललं.

फोन वाजला.

माझा फोन बायकोच्या पर्समध्ये होता. कोणी हललं नाही. ताईच्या हातातलं ताम्हन जागच्या जागी थांबलं, ज्योत तेवढी हलत होती. मी सवयीने उठायला गेलो, म्हणजे मनाने गेलो. पायांनी ऐकलंच नाही. मला पाटावर कसं बसवायचं याचा सगळ्यांनी विचार केला होता, उठवायचं कसं याचा कोणीच केला नव्हता.

ताई बायकोला म्हणाली, "दे त्याला. कानाला लाव."

भागीदार होता. लिफ्ट अडकली आहे, मशीन रूमची चावी सापडत नाहीये. मी म्हटलं, "दाराच्या वरच्या चौकटीवर, डाव्या कोपऱ्यात." तो म्हणाला, "सापडली." आणि फोन ठेवला.

दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. ते मला पाटावर बसल्याबसल्या सांगता आलं होतं. इतक्या वर्षांतले किती फोन असे पाटावर बसून संपले असते, हे माझ्या मनात आलं, आणि ताईच्याही आलं असणार. तिने निरांजन फिरवलं, पूर्ण. माझ्या अंगावरच्या कपड्यांना खिसा नव्हता. त्या सकाळी मनगटावरून कापलेली नंबराची प्लॅस्टिकची पट्टी बायकोने जपून ठेवली होती, ती मी ताम्हनात टाकली. ताईने ती उचलून वाचली आणि पदराला बांधली.

"ऊठ आता," ती म्हणाली.

"येत नाही."

बुकबाइंडरने हात दिला. मी त्याला धरून जोर केला, तर तोच हळूहळू खाली आला आणि माझ्या शेजारी फरशीवर बसला. त्यालाही उठता येईना. ताईने आम्हा दोघांकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत कण्हत तीही खाली बसली. तिचे गुडघे तर कुठल्याही प्रयोगाविनाच गेलेले. मग बायकोने डबा उघडला. मला फराळ अजून बंद होता, पण डॉक्टरीणबाईंनी अर्धी करंजी वजन करून मंजूर केली. सिस्टर खुर्चीवर बसून रजिस्टर लिहीत होत्या. आम्ही लहानपणच्या गोष्टी काढल्या, भांडलो, बुकबाइंडरने त्याच्या बहिणीची एक लबाडी सांगितली, आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, कारण पोटाच्या स्नायूंनीही एकवीस दिवस काही केलेलं नव्हतं. शेवटी दोघा वॉर्डबॉयनी आम्हाला एकेक करून उचललं.

जाताना ताईने रजिस्टर मागून घेतलं आणि त्या दिवसाचं पान उघडलं. शेवटची नोंद होती: पाटावर बसले, पंचावन्न मिनिटं. तिने पिशवीतून लाल पेन काढलं, त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.